वेबसाइटला कुलूप लावलं, पण बिलिंगच्या कॉम्प्युटरला ते आठवतंय का?



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय नावावरून जड वाटेल. एचएसटीएस. पूर्ण नाव एचटीटीपी स्ट्रिक्ट ट्रान्सपोर्ट सिक्युरिटी. घाबरू नका. मी पण बीबीएवाला, दुकान चालवणारा माणूस. ज्याला उधारीची वही कळते, त्याला हे कळतंच.

हा विषय कोणासाठी? समजा तुमचं कुरकुंभ रोडला हार्डवेअरचं दुकान आहे आणि छोटी वेबसाइट काढून तुम्ही ऑर्डर घेता. किंवा केडगावच्या बाजूला गुऱ्हाळ आहे आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाला गूळ थेट पाठवता. किंवा रांजणगाव एमआयडीसीतल्या कॅन्टीनला माल पुरवता आणि ऑर्डर ऑनलाइन येते. पोराने किंवा ओळखीच्या डेव्हलपरने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय. तो दर पाच मिनिटांनी वेबसाइटवर जातो, नवीन ऑर्डर उचलतो, स्टॉक अपडेट करतो, बिल काढतो. असा प्रोग्रॅम तुमच्याकडे चालत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

आधी एक प्रश्न: तुमचा निरोप उघड्यावर जातो का?

वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला दोनपैकी एक गोष्ट असते. एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस. शेवटच्या एका 'एस'चा फरक, पण फरक केवढा? एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत ज्याच्या हातात पडेल तो वाचू शकतो. एचटीटीपीएस म्हणजे सीलबंद पाकीट.

क्रोम ब्राउझरने जुलै २०१८ पासून साध्या एचटीटीपी साइटच्या पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं लिहायला सुरुवात केली, तेव्हापासून बहुतेकांनी वेबसाइटला एचटीटीपीएस करून घेतलं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तर त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देते. त्यामुळे आता सगळे म्हणतात, "आपली साइट सेफ आहे."

पण गिऱ्हाईक पत्ता टाकताना काय टाकतं? नुसतं दुकानाचं नाव. पुढे 'एस' लावत कोण बसतंय? मग जुन्या पद्धतीने पहिला निरोप उघडाच जातो. सर्व्हर म्हणतो, "इकडून नको, पलीकडच्या दाराने ये." याला रीडायरेक्ट म्हणतात. त्यानंतर पुढचं सगळं बंद पाकिटात.

खोट आहे ती या पहिल्या उघड्या निरोपात. दौंड जंक्शनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत तुम्ही उघड्या वाय-फायवर बसलात आणि त्याच नेटवर्कवर कोणी वाईट हेतूचा माणूस बसला असेल, तर तो पहिला निरोप मध्येच अडवू शकतो. 'पलीकडच्या दाराने ये' हे उत्तर तो तुमच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. तुम्ही उघड्या दारातच बोलत राहता, तो सगळं ऐकतो, आणि सर्व्हरशी मात्र तो स्वतः बंद पाकिटातून बोलतो. दोन्ही बाजूंना वाटतं सगळं ठीक आहे. मॉक्सी मार्लिनस्पाइक नावाच्या सुरक्षातज्ज्ञाने २००९ साली ब्लॅक हॅट परिषदेत हेच करून दाखवलं होतं. त्याच्या टूलचं नाव एसएसएलस्ट्रिप.

मग एचएसटीएस काय करतं?

उपाय अगदी दुकानदारी आहे: लक्षात ठेवा!

वेबसाइट ब्राउझरला उत्तर देताना सोबत एक ओळ पाठवते. त्या ओळीचा अर्थ असा: "इथून पुढे इतके सेकंद माझ्याकडे फक्त बंद पाकिटातूनच यायचं." ब्राउझर ही गोष्ट आपल्या वहीत टिपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही 'एस' लावला नाही तरी तो बाहेर पडायच्या आधीच स्वतः 'एस' लावतो. उघडा निरोप जातच नाही, त्यामुळे मध्ये बसलेल्या माणसाला अडवायला काही मिळत नाही.

या पद्धतीचा अधिकृत नियम नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, आरएफसी ६७९७. त्यातल्या या चार गोष्टी लक्षात ठेवा:

- मॅक्स-एज: किती सेकंद लक्षात ठेवायचं. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ६०४८०० म्हणजे आठवडा, ३१५३६००० म्हणजे वर्ष. दर भेटीला मुदत नव्याने सुरू होते.
- इन्क्लूड-सबडोमेन्स: मुख्य पत्त्याखालच्या सगळ्या शाखांनाही तोच नियम.
- उघड्या दारात दिलेली सूचना मोजायची नाही: ही ओळ साध्या एचटीटीपीवरून आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. नाहीतर कोणीही मध्येच खोटी सूचना घुसडेल.
- सर्टिफिकेटमध्ये गडबड असेल तर थेट बंद: एरवी ब्राउझर 'तरीही पुढे जा' असं बटण देतो. एचएसटीएसच्या साइटला ते बटण मिळत नाही.

पहिलीच भेट असेल तर वहीत नोंद कुठून येणार? त्यासाठी क्रोमियमवाल्यांनी एक छापील यादी ठेवली आहे, प्रीलोड लिस्ट. ती ब्राउझरसोबतच येते. फायरफॉक्स आणि सफारीसुद्धा त्यावर आधारलेली यादी वापरतात.

आता मुद्द्याचं: तुमच्या प्रोग्रॅमकडे ही वही आहे का?

वर जे काही सांगितलं ते ब्राउझरचं. पण तुमचा ऑर्डर उचलणारा प्रोग्रॅम ब्राउझर वापरत नाही. तो वापरतो एचटीटीपी क्लायंट लायब्ररी. म्हणजे प्रोग्रॅमच्या आतला निरोप्या. जा, हे दे, ते घेऊन ये, एवढंच त्याचं काम.

आणि बऱ्याच निरोप्यांना स्मरणशक्तीच नसते! दुकानात रोज नवीन पोरगा कामाला आल्यासारखं. काल सांगितलं होतं मागच्या दाराने जाऊ नको, पण आजच्या पोराला ते माहीतच नाही. पायथॉनमधली रिक्वेस्ट्स ही लायब्ररी खूप लोकप्रिय आहे, पण एचएसटीएसची वही ती स्वतःहून ठेवत नाही. वेबसाइटने कितीही वेळा सूचना दिली तरी ती वाचून सोडून देते.

"पण माझ्या प्रोग्रॅममध्ये पत्ता आधीच 'एस'सकट लिहिलाय," असं तुम्ही म्हणाल. छान! तसंच असायला हवं. तरीपण 'एस' या तीन ठिकाणी निसटतो:

१. सेटिंगच्या फाइलमध्ये कोणीतरी हाताने पत्ता टाकला. दुकान बदललं, होस्टिंग बदललं, घाईत 'एस' राहिला.

२. सर्व्हरनेच रीडायरेक्ट करून तुम्हाला साध्या एचटीटीपीवर पाठवलं. जुन्या साइटवर हे सर्रास होतं.

३. उत्तरातून आलेली लिंक, उदाहरणार्थ बिलाच्या पीडीएफचा किंवा फोटोचा पत्ता, जुन्या पद्धतीचा आहे.

आणि असं झालं की नुकसान दुहेरी. प्रोग्रॅम पहिल्याच निरोपासोबत तुमची गुप्त किल्ली, म्हणजे एपीआय की, आणि गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर, पत्ता पाठवतो. 'पलीकडे ये' हे उत्तर नंतर येतं. तोपर्यंत सगळं उघड्यावरून जाऊन झालेलं असतं. दुसरं, माहिती भरून पाठवलेल्या निरोपाला ३०१ नंबरचा रीडायरेक्ट मिळाला, तर बऱ्याच लायब्ररी दुसऱ्या वेळी रिकाम्या हाताने जातात. मजकूर गळून पडतो. ऑर्डर गायब, आणि स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं. गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा कळतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा छोट्या दुकानदाराला घाबरवायला सांगत नाही. पण गिऱ्हाइकाचा नंबर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, हे लक्षात असू द्या.

वही कशी सुरू करायची: कर्लचं उदाहरण

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी सुरू केलेलं कर्ल हे टूल तुमच्या कॉम्प्युटरवर बहुतेक आधीच आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ते सोबतच येतं. त्याच्या आतली लायब्ररी, लिबकर्ल, हजारो सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाते.

कर्लमध्ये एचएसटीएस डिसेंबर २०२० मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि मे २०२१ च्या ७.७७.० आवृत्तीपासून ते कायमचं आत आहे. पण एक गोम आहे: तुम्ही वही दिल्याशिवाय ते काहीही टिपत नाही. वही द्यायची म्हणजे एका फाइलचं नाव सांगायचं. कमांडचं हुबेहूब स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, तिथे व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या. इथे क्रम सांगतो.

पायरी १. कर्लला त्याची आवृत्ती विचारा. उत्तराच्या शेवटी सुविधांची यादी येते. त्यात एचएसटीएस दिसलं पाहिजे. नसेल तर कर्ल अपडेट करा.

पायरी २. फाइलसाठी पक्की जागा ठरवा. पूर्ण पत्ता द्या: कुठली ड्राइव्ह, कुठलं फोल्डर, सगळं. टेम्पररी फोल्डरमध्ये ठेवू नका, ते साफ झालं की स्मरणशक्ती गेली. फाइलचं नाव रिकामं दिलं तर कर्ल फक्त चालू असेपर्यंत लक्षात ठेवतं, बंद झालं की विसरतं. पाच मिनिटांनी नव्याने उठणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा उपयोग शून्य.

पायरी ३. पहिली फेरी 'एस'वाल्या पत्त्यानेच, आणि घरच्या किंवा दुकानच्या खात्रीच्या इंटरनेटवरून करा. कर्लसोबत छापील प्रीलोड यादी येत नाही. त्यामुळे वहीतली पहिली नोंद तुम्हीच नीट करून घ्यायची.

पायरी ४. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तुमच्या साइटचं नाव आणि पुढे मुदत संपण्याची तारीख दिसेल. नावाआधी टिंब असेल तर त्याचा अर्थ शाखांनाही नियम लागू.

पायरी ५. आता परीक्षा घ्या. मुद्दाम 'एस' न लावता पत्ता द्या आणि सविस्तर माहिती दाखवणारा पर्याय चालू ठेवा. एचएसटीएसमुळे एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर वळवलं, अशा अर्थाची ओळ दिसली की काम फत्ते. ती दिसली नाही आणि ३०१ दिसला, तर वही वाचली जात नाहीये.

डेव्हलपरकडून लिबकर्लवर काम करून घेत असाल तर त्याला एवढंच सांगा: एचएसटीएसच्या पर्यायात फाइलचं नाव दिलं की सुविधा आपोआप चालू होते. आणि नवीन नोंदी फाइलमध्ये उतरतात त्या हँडल बंद करताना. प्रोग्रॅम मध्येच मारला तर त्या दिवशीच्या नोंदी जातात.

कर्लऐवजी डब्ल्यूगेट वापरत असाल तर सोपं आहे. त्यात २०१५ पासून ही सोय आहे आणि ती सुरुवातीपासून चालूच असते, फाइल होम फोल्डरमध्ये आपोआप बनते. आणि ज्या लायब्ररीत वहीच नाही तिथे साधा कडक नियम करा: पत्ता 'एस'ने सुरू होत नसेल तर प्रोग्रॅमने जागेवरच थांबायचं आणि लाल अक्षरात सांगायचं. डेव्हलपरला हे दहा मिनिटांचं काम आहे. कर्लमध्ये तर 'फक्त एचटीटीपीएसच वापर' असा तयार पर्यायही आहे. वही आणि हा पर्याय दोन्ही लावले तर अजून बरं.

वही कुठे फाटते?

- दोन यूजर, दोन वह्या. तुम्ही स्वतः चालवून बघता तेव्हा प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतो. टास्क शेड्युलरमधून चालतो तेव्हा दुसऱ्याच यूजरच्या नावाने. त्याला तुमच्या फाइलमध्ये लिहायची परवानगी नसेल तर नोंद होतच नाही. परीक्षा शेड्युलरमधूनच घ्या.
- एका वहीत दोघांनी लिहिणं. एकाच वेळी अनेक फेऱ्या मारताना कर्लची एचएसटीएस वही खोडली जायची. ही चूक फेब्रुवारी २०२३ च्या ७.८८.० आवृत्तीत दुरुस्त झाली. शाखेच्या नोंदीमुळे मुख्य पत्त्याची मुदत बदलायची, ती चूक नोव्हेंबर २०२४ च्या ८.११.० मध्ये दुरुस्त झाली. म्हणून जुनं कर्ल ठेवू नका, आणि ऑर्डर उचलणाऱ्या व स्टॉक पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला वेगवेगळ्या फाइल द्या.
- घड्याळ. वहीत तारीख असते, म्हणजे कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर पाहिजे. लाइट गेल्यावर जुन्या पीसीची तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटण सेल बदला. घड्याळ मागे पडलं तर चांगलं सर्टिफिकेटसुद्धा 'अजून सुरू झालेलं नाही' म्हणून नाकारलं जातं. पुढे गेलं तर वहीतल्या नोंदी मुदतीआधीच संपतात.

वेबसाइटच्या बाजूने: घाईत एक वर्ष लावू नका

हे नीट वाचा. इथे चूक झाली तर दुकानाचं शटर आपणच आपल्यावर पाडून घेतो.

एचएसटीएस म्हणजे दिलेला शब्द. एक वर्षाची मुदत पाठवली की ज्या ज्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ती टिपली गेली, तिथे ती वर्षभर बसली. मॅक्स-एज शून्य पाठवून नोंद पुसता येते, पण ती सूचनासुद्धा चालू एचटीटीपीएसवरूनच पोहोचायला हवी. तुमचं सर्टिफिकेटच बंद पडलं असेल तर पोहोचणार कशी?

म्हणून पायरी पायरीने चढा. प्रीलोड यादी चालवणारेही असंच सांगतात: आधी पाच मिनिटं, मग एक आठवडा, मग एक महिना. प्रत्येक टप्प्यावर सगळं तपासा: गिऱ्हाइकाचं पेज, पेमेंट, बिलाचं पीडीएफ, ऑर्डर उचलणारा प्रोग्रॅम. काही अडलं नाही की मगच वर्षावर जा.

शाखांचा पर्याय लावण्याआधी कागद घ्या आणि तुमच्या नावाखाली काय काय चालतं ते लिहून काढा. बिलिंगची शाखा, स्टॉकची शाखा, मेलची शाखा, जुना कॅटलॉग, दुकानातल्या सीसीटीव्हीला कोणी दिलेला पत्ता. यातल्या एकालाही सर्टिफिकेट नसेल तर ते त्या दिवसापासून उघडणार नाही. आणि प्रीलोड यादीत नाव टाकायचं तर किमान एक वर्षाची मुदत आणि शाखांचा पर्याय दोन्ही लागतात. त्या यादीतून नाव काढलं तरी ते सगळ्या लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोहोचायला महिने जातात. नवीन दुकानाने तिकडे धावायची अजिबात गरज नाही.

सर्टिफिकेटची तारीख आता तुमची जबाबदारी. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याचा ईमेल पाठवणं त्यांनी जून २०२५ पासून बंद केलं आहे. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदतही कमी होत चालली आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ मध्ये ४७ दिवस. म्हणजे हाताने नूतनीकरण करत बसणं जमणार नाही. होस्टिंगवाल्याला विचारा, "ऑटो-रिन्यू चालू आहे का? शेवटचं कधी झालं?" आणि दुकानाच्या कॅलेंडरवर स्वतःची खूण करा. सर्टिफिकेट संपलं आणि एचएसटीएस चालू असेल, तर गिऱ्हाइकाला 'पुढे जा'चं बटणही मिळत नाही. दिवाळीच्या आठवड्यात असं झालं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

हे काय करत नाही

एचएसटीएस फक्त वाट सुरक्षित करतं. पलीकडचा माणूस खरा आहे का, हे ते सांगत नाही. तुमच्या दुकानासारखं दिसणारं नाव घेऊन कोणी खोटी साइट काढली, तर तिलाही सर्टिफिकेट मिळतं, तिथेही कुलूप दिसतं. याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना बँक-डॉट-इन या राखीव नावावर यायला सांगितलं, म्हणजे लोकांना नावावरून खरी बँक ओळखता यावी. गिऱ्हाइकांना तुमचा खरा पत्ता बिलावर, पिशवीवर, दुकानाच्या पाटीवर छापून द्या. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये 'एस' नसलेला एकही पत्ता आहे का, शोधा.
२. डेव्हलपरला एक प्रश्न विचारा: "आपला क्लायंट एचएसटीएस लक्षात ठेवतो का, आणि कुठल्या फाइलमध्ये?" उत्तर 'बघतो' असं आलं तर हा लेख त्याला पाठवा.
३. शाखांची यादी कागदावर लिहा.
४. सर्टिफिकेट संपायची तारीख शोधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा.
५. हे चारही झालं की मगच पाच मिनिटांच्या मुदतीने सुरुवात करा.

एक पैसा खर्च नाही, फक्त एक दुपार. शटरचं कुलूप आपण रोज ओढून बघतो ना? तसंच हेही महिन्यातून एकदा ओढून बघा.

पुढच्या व्हिडिओत बघू, एपीआय की कुठे ठेवायची आणि कुठे अजिबात ठेवायची नाही. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!